बनी तो बनी

डॅशबोर्डवर एक लाल दिवा असतो. त्याचं काम विझण्याचं. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू होऊन जरा सुरात आलं की विझतो, आणि तो विझला की चालवणाऱ्यानं निश्चिंत व्हायचं. घरातला कुठलाही दिवा विझला तर माणूस दचकतो; या एकाच दिव्याला उलटा न्याय. त्याची एक तार किल्लीच्या वाटेनं बॅटरीकडे गेलेली असते, दुसरी डायनामोकडे. बॅटरीचा दाब जास्त असतो तोवर तिकडून वीज वाहते आणि दिवा जळतो. डायनामो फिरत फिरत तिच्या बरोबरीला आला की दोन्ही बाजूंचं ढकलणं सारखं होतं, मधल्या तारेतून काहीच वाहत नाही, दिवा विझतो. त्याला स्वतःला काही कळत नाही. दोघांच्या ओढाताणीत तो मधे उभा असतो, एवढंच.

हिवाळ्याच्या तोंडाला आमच्या गाडीतला हा दिवा विझेनासा झाला.

गाडी म्हणजे १९७१ची अँबॅसिडर, मार्क टू. आजोबांनी घेतलेली. सेलूला त्यांची कापसाची आडत होती आणि हंगामात सेलू, मानवत, परभणी अशी त्यांची सारखी ये-जा असायची. मूळची ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या आवृत्तीची. ती बंगालात हुगळीकाठी उत्तरपाड्याला आली, नाव बदलून राहिली आणि २०१४च्या मे महिन्यात तिथला कारखाना थांबेपर्यंत बनत राहिली. इंजिन १४८९ सीसीचं. आजच्या गाडीचं बोनेट उघडलं तर वर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि माणूस ते पुन्हा लावून टाकतो. हिचं उघडलं की आत हात घालायला जागा आहे, खाली जमीन दिसते, आणि प्रत्येक वस्तू कुठून निघून कुठं जाते ते नजरेनं चालत जाऊन बघता येतं. मला या गाडीचं सगळ्यात काय आवडत असेल, तर ती ही जमीन दिसणं.

२०२१मध्ये केंद्र सरकारनं नियम काढला, की पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल. नव्यानं नोंदणीचे वीस हजार, मग नूतनीकरणाचे पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी आणायला हरकत नाही. हे वाचून घरात सगळे हसले. आमची गाडी या चारांतल्या शेवटच्या दोन कारणांखेरीज फारशी बाहेर पडतच नाही. तरी आम्ही तो अर्ज केलेला नाही. दर पाच वर्षांनी साधी नोंदणीच वाढवून घेतो, कारण वर्षातून कधीतरी, लग्नाकार्याला, तिच्यात बसून जायचं असतं.

तसंच एक लग्न गंगाखेडला होतं. निघायला रात्र झाली. गोदावरीकडची दमट हवा मागे पडली आणि दैठण्याच्या आसपास मला वाटलं, काच धुरकटली आहे. पुसली. मग कळलं, की धुरकटले आहेत ते दिवे. आमच्याकडची जमीन काळी. दिवसा ती ऊन पिते, रात्री हेडलाइटचा उजेड. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता आणि उजेडाची पिवळी चादर रस्त्यावरून आक्रसत आक्रसत बोनेटच्या पुढ्यात येऊन बसली होती. लाल दिवा मात्र ठळक. डॅशबोर्डखाली आजोबांनी मागाहून बसवलेला अँपिअर मीटर आहे. त्याच्या मधल्या शून्याच्या उजवीकडे ‘प्लस’, डावीकडे ‘मायनस’. आजोबा उजव्या बाजूला ‘जमा’ म्हणत आणि डाव्या बाजूला ‘नावे’. काटा नावे बाजूला ठाम पडला होता.

हिशेब सोपा आहे. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर. बाजूचे आणि मागचे छोटे दिवे मिळून दोन. इंजिनाच्या ठिणगीला तीन-चार. म्हणजे रात्री गाडी नुसती चालवायला तेरा अँपिअरचा खर्च. लुकासच्या या जातीचा डायनामो चांगल्या वेगात बावीसपर्यंत देतो. खर्च भागून बॅटरीला वर काही उरतं. वेग उतरला की देणंही उतरतं, आणि गाडी फाटकाशी उभी असताना तर तो काहीच देत नाही, सगळं बॅटरीच्या जिवावर. पूर्वीचे ड्रायव्हर रेल्वे फाटकाशी दिवे का विझवत, ते यात आहे. आमच्या बाबतीत डायनामो धावतानाही देत नव्हता. पोखर्णीजवळ एक एसटी पुढं आली. मी माझे हेडलाइट बंद केले आणि तिच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून परभणी गाठली. आधी हॉर्न गेला, मग वायपर. इंजिन तेवढं शेवटपर्यंत चालत राहिलं.

जिंतूर रोडला चाचांचं गाड्यांच्या वीजकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं छत, एक लाकडी बाक, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली आर्मेचरं, म्हणजे डायनामोच्या आत फिरणारे भाग. नव्या गाड्या त्यांच्याकडे येत नाहीत. ट्रॅक्टर येतात, जुन्या जीपा येतात, उसाच्या हंगामात ट्रक येतात. चाचांचं वय विचारलं की ते गाड्यांच्या मॉडेलांत सांगतात. त्यांचे उस्ताद निजामाच्या अमलातल्या बसगाड्यांवर काम केलेले होते. हैदराबाद संस्थानात रेल्वे खात्यानंच १९३२मध्ये बसगाड्या सुरू केल्या, त्या अल्बियन नावाच्या, स्कॉटलंडहून आलेल्या. परभणी तेव्हा त्या राज्यात. १९४८च्या सप्टेंबरात राज्य गेलं, उस्तादांचा पाना राहिला. तो पाना चाचांकडे अजून आहे, त्यावर इंचाचे आकडे आहेत, आणि अँबॅसिडरचे नटबोल्ट इंचाचेच असल्यामुळे तो आमच्या गाडीला अचूक बसतो.

आपल्याकडे दुरुस्तीची एक घाईची पद्धत आहे: चार्जिंग होत नाही? बॅटरी बदला. नाही झालं? डायनामो आणि बॅटरीच्या मधली कटाऊटची पेटी बदला. नाही झालं? डायनामो बदला. यात गाडी कधी ना कधी सुरू होते, आणि नक्की काय बिघडलं होतं हे कुणालाच कळत नाही. मला ही पद्धत मनापासून नापसंत आहे. चाचा तसं करत नाहीत. ते एकेकावर संशय घेतात आणि एकेकाला सन्मानानं सोडून देतात.

आधी बॅटरी. खांबांवर पांढरी भुकटी चढली होती, ती गरम पाण्यानं धुतली. काचेच्या नळीनं सहाही घरांतलं पाणी ओढून त्यातला तरंगता काटा बघितला. सगळी घरं सारखी उतरलेली. एखादंच घर खाली असतं तर बॅटरी गेली म्हणायचं. सगळी सारखी उपाशी असतील तर तिला कुणी खाऊ घातलेलं नाही. बॅटरी सुटली. मग पट्टा. एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो तिघांना फिरवतो. तो मधोमध अंगठ्यानं दाबला तर अर्धा-पाऊण इंच लवावा. लवला. पट्टा सुटला.

मग डायनामो. त्याच्या पाठीला दोन टोकं असतात, मोठं डी आणि छोटं एफ. डी म्हणजे जिथून वीज बाहेर येते ते. एफ म्हणजे आतल्या फिल्ड कॉइलचं, ज्या कॉइलनं लोखंडाचा चुंबक बनतो. चाचांनी दोन्ही तारा काढल्या, दोन टोकं एका तारेच्या तुकड्यानं एकमेकांना जोडली, आणि तिथून मीटरची एक सुई लावून दुसरी गाडीच्या अंगाला टेकवली. आता मधे कुणी नाही. कटाऊट नाही, बॅटरी नाही, दिवा नाही. डायनामोला एकट्याला गाठून विचारायचं: तू काय देतोस?

आजोबांच्या वर्कशॉप मॅन्युअलात या परीक्षेचं पान आहे. तेलाच्या बोटांनी पारदर्शक झालेलं. इंजिन हळूच वाढवा, काटा भराभर चढला पाहिजे; वीस व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. चढला नाही तर? काहीच दाखवलं नाही तर कार्बन बघा. अर्धा ते एक व्होल्ट दाखवला तर फिल्ड कॉइल. चार ते पाच दाखवले तर आर्मेचर. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही, पण हे आकडे त्यांना पाठ आहेत. ते उस्तादांकडून आलेले आहेत, पुस्तकातून नाही. मला त्या पानाचं फार अप्रूप वाटतं. उत्तर चुकलं तरी नुसतं चूक नाही म्हणायचं. किती चुकलं त्यावरून कुठं चुकलं ते सांगायचं. शाळेत माझ्या गणिताच्या वहीला असं तपासणारं कुणी भेटलं नाही.

काटा पाऊण व्होल्टवर अडखळून थांबला. “फिल्ड,” चाचा म्हणाले.

डायनामो खाली उतरला. त्याचे दोन लांब बोल्ट काढले की तो तीन भागांत सुटतो, आणि मांडीवर घेऊन बसता येतो. मी तशी बसले. आर्मेचरच्या शेपटीला तांब्याचा कम्युटेटर असतो, तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवून केलेलं एक गोल. दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक. कोळशाच्या दोन चौकोनी कांड्या स्प्रिंगच्या जोरानं त्याला सतत टेकून असतात, त्यांना कार्बन म्हणायचं. तांबं झिजतं लवकर, अभ्रक झिजतं सावकाश. मग अभ्रक वर राहतं आणि कार्बनला उचलून धरतं. म्हणून ते खरवडून तांब्याच्या पातळीखाली न्यावं लागतं. त्यासाठी हॅक्सॉचं जुनं पातं दोन्ही बाजूंनी घासून अभ्रकाइतकं बारीक केलेलं चाचांकडे एका डबीत असतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. एकेक फट. जोर लावायचा नाही, तांब्याला ओरखडा नको. बाहेर जिंतूर रोडवरून कापसाच्या गाड्या जात होत्या, वरून पत्रा कडकडत होता, आणि मी काळ्याशार गोलातून एकेक चांदीची रेघ साफ करत होते. काम संपूच नये असं वाटणारी कामं आयुष्यात थोडी असतात. शेवटी बारीक काचपेपरनं वरून फिरवलं आणि पेट्रोलच्या चिंधीनं पुसलं. तांब्याला लाली आली.

मागच्या बाजूच्या बुशला एक भोक आहे, वर ‘ऑइल’ असं कोरलेलं. चार थेंब पुरे. पुष्कळ जण प्रेमापोटी तिथं भरपूर तेल सोडतात. ते तेल आत कम्युटेटरवर उतरतं, त्यावर कोळशाची भुकटी बसते, आणि डायनामो आतल्या आत लिंपून बंद पडतो.

फिल्ड कॉइल मात्र आतून तुटलेली होती. ती पुन्हा भरून घ्यावी लागली. रिवायंडिंगवाल्यानं जुनी तार सोडवली, मोजून नवी गुंडाळली, सुती पट्टी बांधली, वॉर्निश पाजून भट्टीत वाळवली. कॉइल ज्या लोखंडी बुटांवर बसते ते बूट डायनामोच्या पिंपात मोठ्या स्क्रूनं आवळलेले असतात. वर्षानुवर्षांचे ते स्क्रू सहज सुटत नाहीत. हातोडा लागतो, आच द्यावी लागते. ते सगळं रीतसर झालं. डायनामो परत जागेवर चढला. पट्टा ताणला. डी आणि एफ जोडले, मीटर लावला, इंजिन वाढवलं.

काटा हललाच नाही. आधी पाऊण तरी होता, आता शून्य.

पुस्तक म्हणतं, शून्य असेल तर कार्बन. कार्बन नवे होते, आपापल्या घरात मोकळे सरकत होते, तांब्याला नीट टेकत होते. आर्मेचर दिव्यानं तपासलं, शाबूत. कॉइल मीटरवर मोजली, बरोबर. सगळी अंगं चांगली, आणि उत्तर शून्य. परभणीत अशा वेळेसाठी एक वचन आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. घरातून बाहेर पडलेल्या माणसाचं ते वाक्य, जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. परभणीत राहूनच जमलं नाही तर कुठं जायचं, हे त्यात सांगितलेलं नाही.

चाचांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली. डोळे मिटले. “फिरता बराबर है,” ते म्हणाले. “मरा नै. भूल गया.”

काय विसरला, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. आमच्याकडे दुसरं एक वचन आहे, याहून बढाईचं: जगात जर्मनी, भारतात परभणी. यमकाखेरीज त्याला काही आधार लागत नाही. पण डायनामोच्या बाबतीत ते थोडं खरं आहे. फिरत्या तारेसमोर चुंबक धरला की वीज निर्माण होते हे फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं यंत्रांत पोलादाचे कायमचे चुंबक बसवत. ते जड, महाग, आणि त्यांची ताकद जेवढी असेल तेवढीच. १८६७च्या जानेवारीत बर्लिनच्या विज्ञान अकादमीसमोर वेर्नर सीमेन्सचा निबंध वाचला गेला, की कायमच्या चुंबकाची गरजच नाही. साध्या लोखंडाला एकदा चुंबक केलं की वीज बंद झाल्यावरही त्यात किंचित चुंबकपण मागं उरतं. त्या किंचितावर आर्मेचर फिरलं की किंचित वीज निघते. ती बाहेर न देता त्याच लोखंडाच्या कॉइलला पाजायची. चुंबक जरा वाढतो, मग वीज जरा वाढते, पुन्हा पाजायची. फेरीमागून फेरी, आणि पाहता पाहता यंत्र पूर्ण ताकदीला येतं. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीत वेर्नरचा भाऊ विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी एकाच बैठकीत हीच गोष्ट मांडली. हंगेरीतल्या एका पाद्री-प्राध्यापकाला, येडलिकला, ती आधीच सापडली होती. त्यानं गाजावाजा केला नाही.

आपल्या घरात याला विरजण म्हणतात. वाटीभर दही रोज होतं ते कालच्या चमचाभर दह्यावर; तो चमचा पुसून घेतला तर दुधाची घागर असली तरी उपयोग नाही. आमच्या डायनामोचा चमचा पुसला गेला होता. हातोड्याचे ठोके आणि आच, दोन्हींनी लोखंडाचं चुंबकपण जातं. रिवायंडिंगवाल्याची त्यात चूक नाही. कॉइल बदलली की हे पुष्कळदा होतं. पुस्तकाच्या त्या पानावर मात्र या शून्याची ओळ नाही. पुस्तक धरून चालतं की थोडं काहीतरी उरलेलं असणारच.

याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. त्याच्या पायथ्याचं वीजघर साडेबावीस मेगावॅटचं. शाळेची सहल तिथं गेली होती. तिथल्या फिरत्या यंत्राचा घोंगावणारा आवाज छातीत बसला होता आणि आमचे सर ओरडून काहीतरी सांगत होते. नदीचं एवढं पाणी कोसळत असलं तरी चुंबक जागा केल्याशिवाय वीज निघत नाही, असं काहीसं ते असावं. तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्यातल्या धपाट्यांकडे होतं.

विसरलेल्या लोखंडाला आठवण करून द्यायची रीत अगदी लहान आहे. बॅटरीच्या जिवंत टोकाची तार घ्यायची आणि डायनामोच्या एफला क्षणभर शिवायची. वीज कॉइलमधून जाते, लोखंडाला चुंबकपण चिकटतं. चाचांचा नातू पुढं झाला. तो आयटीआयला जातो आणि मोबाइलवर बघून बऱ्याच गोष्टी खरोखर चांगल्या करतो. त्यानं प्लसवरून तार आणली, एफला टेकवली. काही नाही. पुन्हा टेकवली. ठिणगी नाही, कुरबुर नाही.

चाचा बाकावरून उठले नाहीत. “बॅटरी देख,” एवढंच म्हणाले.

नातवानं वाकून बघितलं. आमच्या गाडीत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या अंगाला बांधलेलं आहे. मूळच्या मॉरिसच्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांचा रिवाजच तो. साठच्या दशकाच्या मध्यावर अल्टरनेटर येऊ लागले आणि मायनस अंगाला बांधायची पद्धत रूढ झाली. इथं प्लस म्हणजे गाडीचं अंगच. कॉइलचं दुसरं टोकही अंगालाच. अंगाची तार अंगाला लावून काय ठिणगी पडणार! नातू स्वतःशीच हसला आणि त्यानं मायनसवरून तार आणली. एफला शिवताच निळी ठिणगी उडाली, सुटताना मोठी. दोनतीनदा टिचकी दिल्यासारखं केलं, बस. उलट्या दिशेनं शिकवलं असतं तर डायनामोनं मुकाट्यानं उलटी वीज दिली असती. त्याला दिशेचं काही नाही, सुरुवातीला जे सांगाल ते तो धरून ठेवतो.

इंजिन सुरू केलं. काटा एकापाशी थोडा रेंगाळला, मग दोन, आणि मग कुणी पाठीमागून ढकलावं तसा सरसर वर निघाला, आठ, बारा, पंधरा. मी पाय उचलला. त्या एकापाशी रेंगाळण्यात मला फार गोडी वाटली. तेवढ्या क्षणात ते वाढणं नजरेला दिसतं, पुढं ते वेगानं निसटून जातं. म्हणून मी नातवाला पुन्हा करायला लावलं, आणखी सावकाश.

एवढ्यावर काम संपत नाही. मोकळा डायनामो वेगाबरोबर चढतच जाईल आणि बॅटरीला उकळून काढेल. त्याला आवरायला बोनेटखाली आतल्या भिंतीवर काळी पेटी असते. लोक तिला सरसकट कटाऊट म्हणतात, पण तिच्यात दोन जण राहतात. एक खरा कटाऊट. डायनामोचा दाब तेराच्या आसपास आला की तो मिटतो आणि बॅटरीचा रस्ता उघडतो. दाब उतरला की सुटतो, नाहीतर उभ्या गाडीत बॅटरीच डायनामोत रिकामी होत बसेल. दुसरा रेग्युलेटर. त्याची पाती सेकंदाला कितीतरी वेळा उघडमीट करत कॉइलची वीज तोडतात-जोडतात आणि दाब आवाक्यात ठेवतात. बोटाच्या पेराएवढी पाती, त्यांच्यावर सगळ्या गाडीची भिस्त. दोघांच्याही पात्यांचे एकमेकांना टेकायचे बिंदू जळून काळे झाले होते, ते घासले. पेटीचं अर्थिंगही खरवडून पुन्हा आवळलं.

रेग्युलेटर लावायचा तर कटाऊटच्या पात्यांत कागदाचा कपटा सरकवायचा, म्हणजे बॅटरी बाजूला राहते, आणि अर्ध्या मिनिटात स्क्रू फिरवून व्होल्ट बसवायचे. त्याहून वेळ लावला तर कॉइल तापते आणि आकडा खोटं बोलतो. किती व्होल्ट बसवायचे, ते हवेवर. पुस्तकात त्याचा तक्ता आहे. दहा अंश, वीस अंश, तीस, चाळीस. हवा जितकी गरम तितके व्होल्ट कमी. तक्ता चाळीसला संपतो.

तो करणाऱ्याला चाळीस अंश म्हणजे उन्हाची परिसीमा वाटली असणार. परभणीचा मे महिना तिथून पुढं सुरू होतो, बेचाळीस, त्रेचाळीस, कधी चव्वेचाळीस. तक्त्याचं दुसरं टोकही आम्हाला अपुरं पडतं. डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे कृषी विद्यापीठाच्या आवारातला पारा पाचाच्याही खाली उतरतो. पेटीत तापमानाप्रमाणे वाकणारी दोन धातूंची पट्टी आहे, ती बरंचसं सांभाळून घेते, पण पत्र्याखाली उभ्या गाडीत दुपारी दोनला बोनेट उघडलं तर तिच्याही सहनशक्तीची कीव येते. चाचा उन्हाळ्यासाठी स्क्रू केसभर सैल ठेवतात. किती, ते त्यांच्या बोटांत आहे. मी पेटीचं झाकण उलटं करून बघितलं तर आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेले आकडे दिसले. वेगवेगळ्या हातांचे, एक उर्दूत. कुणीतरी कधीतरी मे महिन्याची ओळ लिहून ठेवली होती.

नातवाचं म्हणणं वेगळं आहे. आणि ते चुकीचं नाही, म्हणून इथं लिहिते. तो म्हणतो, अल्टरनेटर बसवा. उभ्या गाडीतही चार्ज होतो, कार्बन वर्षानुवर्षं टिकतात, कम्युटेटर नाही, अभ्रक नाही, वीज दुपटीनं. हल्ली तर जुन्या डायनामोच्या पिंपातच अल्टरनेटर लपवून मिळतो, बाहेरून कळत नाही. गाडी रोज चालवायची असती तर मी ऐकलं असतं. रात्रीच्या रस्त्यावर मंद दिवे घेऊन जाणं यात काही रसिकता नाही, त्या एसटीच्या मागं मला ते पुरेपूर कळलं. पण लपवलेला अल्टरनेटर मला नको. जे बसवायचं ते उघड बसवावं. आणि डायनामो ठेवायचा तर रात्री हात राखून दिवे लावायची, फाटकाशी ते विझवायची, मीटरवर नजर ठेवायची सवयही ठेवावी लागेल. आजोबांना ती होती. त्यांच्या गाडीची बॅटरी कधी उतरल्याचं कुणाला आठवत नाही. ते दिवसा उजेडी घरी येत, हेही खरं.

चाचांना विचारलं तर ते कुणाचीच बाजू घेत नाहीत. “चलाने वाले पे है, बाई.” पैसे मात्र त्यांनी तारेच्या तुकड्याचे वेगळे लावले नाहीत.

तारा जागच्या जागी लागल्या. डीची डीला, एफची एफला. मी आत बसले. इंजिन जरा वाढवलं आणि पेटीतून टक् असा आवाज आला. चाचा बाहेरून ओरडले, “लाइट डालो!” मी हेडलाइट लावले. मीटरचा काटा क्षणभर नावे बाजूला झुकला, इंजिन आणखी वाढवलं तसा शून्य ओलांडून जमेकडे गेला आणि पाच-सहा अँपिअरवर थरथरत राहिला. दुपारच्या उन्हात हेडलाइट लागलेत की नाही ते कुणालाच दिसत नव्हतं. नातवानं काचेवर हाताची सावली धरून बघितलं आणि अंगठा वर केला.

“अब जिंतूर तक घुमाके लाओ,” चाचा म्हणाले. “और वायपर का बारिश के पैले देखेंगे. वो भी मरने को आया है.”